गाठीची साथ आणि आपलं घर

माझ्या दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण घर चालवण्याचे तिचे काही नियम होते आणि ते तिने आम्हा नातवंडांकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. पाण्याचं भांडं उघडं ठेवायचं नाही. रात्री खरकटं चुलीपाशी राहू द्यायचं नाही. आणि एक नियम असा : ‘उंदीर पडला की आधी सांगायचं, मग घाबरायचं.’

लहानपणी या वाक्याचं आम्हांला हसू यायचं. मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर टाकायचा, त्यात सांगायचं काय आणि घाबरायचं काय? पुढे इतिहासाची पुस्तकं हाती आली तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला. दादीला हा नियम तिच्या नानीने दिला होता आणि नानीने ‘गाठीची साथ’ डोळ्यांनी पाहिली होती. गाठीची साथ म्हणजे प्लेग. उर्दूत त्याला ‘ताऊन’ म्हणतात आणि कुठल्याही साथीला ‘वबा’.

दादी सांगायची, नानीच्या घरी दरवर्षी भात झोडून कणगीत भरलं की त्याबरोबर आणखी एक तयारी होई. मांडवाला पुरतील एवढ्या मेढी, पेंढा, एक मोठं मडकं, दोन गोधड्या आणि थोडा तांदूळ वेगळा काढून ठेवायचा. घरात किंवा शेजारी उंदीर पडू लागले की घरधनी मोहल्ल्यात आणि शेजारच्या हिंदू आळीत सांगून येई. मग सगळे शेताच्या कडेला खोपटी बांधून राहायला जात. घराची दारं-खिडक्या उघडी टाकत, चार कौलं काढून ऊन आत घेत. साथ ओसरली की परत येत. शेजाऱ्याने सांगितलं नाही तर दहा घरांना त्याची किंमत मोजावी लागे, म्हणून सांगणं आधी आणि घाबरणं नंतर.

हा नियम आमच्या घरात तीन पिढ्या टिकला आणि चौथ्या पिढीत मोडला.

जुलै २०२० मधली गोष्ट. शाळा बंद होत्या, सामान्य माणसाला लोकल बंद होती. शेलूत स्टेशनाजवळच्या नव्या इमारतींपासून जुन्या मोहल्ल्यापर्यंत सगळी दारं लागलेली. माझे थोरले चाचा तेव्हा ६४ वर्षांचे होते. त्यांना ताप आला आणि तो त्यांनी पाच दिवस कुणाला कळू दिला नाही. ‘पावसात भिजलो’ एवढंच चाचींना म्हणाले. घरात जमात होई तेव्हा ते सगळ्यांच्या मागे, दाराजवळ, वेगळी चटई टाकून उभे राहत. आपला पेला आपणच धूत. आम्हांला वाटलं, चाचा नियम फार काटेकोर पाळतात. सहाव्या दिवशी ओट्याची पायरी चढताना त्यांना धाप लागली आणि सगळं उघड झालं. तोवर उशीर झाला होता. अकराव्या दिवशी त्यांचा इंतकाल झाला. दफनाला घरचे चौघेच होते.

नंतर चाचींना त्यांच्या गादीखाली तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. त्यांच्या एका दोस्ताने सांगितलं, की चाचा त्याला फोनवर म्हणाले होते, ‘सांगितलं तर घराचं नाव होईल. आधीच आपल्या नावाने बोंब चालू आहे. पोरगी शाळेत शिकवते, तिला लोक काय म्हणतील?’

ती पोरगी मी.

चाचांनी आम्हांला जपलं, त्यांच्यामुळे घरात दुसरं कुणी आजारी पडलं नाही. वेगळं राहण्याचं सगळं त्यांनी केलं, फक्त सांगितलं नाही. असं का झालं असेल, याचा विचार मी गेली काही वर्षं करते आहे. त्यासाठी मला थेट १८९६ पर्यंत मागे जावं लागलं.

त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका रोग्याची गाठ पाहून हा प्लेग असल्याचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे हा रोग, हे नातं तेव्हा डॉक्टरांना पुरतं उमगलेलं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, ते कळायचं होतं.

मुंबई घाबरली. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८ लाख २० हजारांच्या आसपास होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. कुणी होडीने कोकणात गेलं, कुणी पायी, कुणी आगगाडीने. आमच्या शेलूवरून जाणारी लाईन तेव्हा नवी राहिली नव्हती. खोपोलीपर्यंतचा रस्ता १८५६ मध्ये सुरू झाला होता आणि १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून गाडी पुण्याकडे जाऊ लागली होती. मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवरचं आमचं गाव त्या पळणाऱ्या माणसांच्या वाटेवर होतं.

म्हणून सरकारने कल्याणला चौकी बसवली. गाडीतून माणसं उतरवायची, रांगेत उभी करायची, डोळे-जीभ पाहायची, काख आणि जांघ चाचपायची. संशय आला की छावणीत नाहीतर इस्पितळात. बायकांसाठी पडदे लावले, बायका तपासनीस नेमल्या. तरी बुरख्यातल्या किंवा पदर घेतलेल्या बाईला परक्या माणसाने चारचौघांत बाजूला काढणं हे तेव्हाच्या घरांना मरणाहून कठीण वाटलं. पुण्याकडे किंवा नाशिककडे कुठेही जायचं झालं तरी कल्याण चुकवता येत नव्हतं.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. छोटासाच कायदा, पण त्याने सरकारला घरात शिरण्याचा, माणूस उचलण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार दिला. मार्चमध्ये मुंबईत जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. तपासणीच्या टोळ्या मोहल्ल्याला वेढा घालून घरोघर फिरू लागल्या. रोगी सापडला की तो इस्पितळात आणि घरातली बाकीची माणसं छावणीत जात. भिंतींना चुना, गटारांत कार्बोलिक, कपडे-अंथरुणं आगीत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर इंग्रजीतली तीन अक्षरं रंगवली जात – यू. एच. एच. मेलेल्या माणसाचीही तपासणी होई, आणि दफनाला वेळ लागे.

एका साध्या घरातून याकडे पाहू. घरात एकाला ताप आला आहे. सांगितलं तर तो जाईल आणि इस्पितळातून परत येणारे थोडे. बाकीचे छावणीत जातील, म्हणजे रोजगार बुडाला. सामान जळेल, दारावर अक्षरं येतील, बायकांची अब्रू रस्त्यावर येईल आणि शेवटचं गुस्ल-कफन आपल्या हाताने होईल की नाही याचीही खात्री नाही. न सांगितलं तर एक शक्यता आहे, ताप साधाही असेल. अशा वेळी माणूस काय करील? लोकांनी आजारी माणसं माळ्यावर, पेटाऱ्यांच्या मागे, बुरख्याआड लपवली. एका घरातून दुसऱ्या घरात नेली. आणि लपवलेल्या माणसाबरोबर रोगही फिरत राहिला.

लोकांच्या संतापाला तोंड फुटायला वेळ लागला नाही. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. पुण्यात रँडच्या सोल्जरांनी घरं धुंडाळली, देवघरात आणि जनान्यात पाय ठेवला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. पण ९ मार्च १८९८ ची गोष्ट शाळेत शिकवली जात नाही. मुंबईत मदनपुऱ्याकडच्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत टोळी आली आणि एका आजारी मुलीला न्यायला निघाली. घरच्यांनी ती दिली नाही. वस्ती जमा झाली, दगड पडले, गोळीबार झाला, दंगा शहरात पसरला. माणसं मेली. सगळं सुरू झालं ते एका बारा वर्षांच्या पोरीच्या खाटेपासून.

हे विणकर अडाणी होते, धर्मवेडे होते, असं तेव्हाच्या साहेबी कागदांत लिहिलेलं आढळतं. पण आर्थर रोडवर गेलेले गिरणी कामगार वेगळ्या धर्माचे होते आणि पुण्याचे ब्राह्मण वेगळ्या जातीचे. घाबरलेलं घर सगळीकडे सारखंच वागलं. ज्याला रोगी दाखवायचा त्याच्यावर विश्वास नसेल तर घर रोगी दाखवत नाही. १८९७ चा मला समजलेला धडा एवढाच.

यात आणखी एक दुःखाची गोष्ट आहे. ज्या ज्ञानाच्या जोरावर घरं उघडली जात होती ते ज्ञानच अपुरं होतं. रोग घाणीत, जमिनीत, कोंदट हवेत आहे असं समजून गटारं धुतली, फरशा उखडल्या. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं, की मेलेला उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात आणि त्यांच्या चाव्यातून रोग जातो. त्याचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईत बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाने प्रयोग करून ते पक्कं केलं. म्हणजे विलायतेच्या डॉक्टरांनी मान डोलवायच्या आधीपासून खेड्यापाड्यांतली माणसं उंदीर पडताच घर सोडत होती. दादीच्या नानीला पिसवेचं ठाऊक नव्हतं, पण घर केव्हा सोडायचं ते ठाऊक होतं. सरकारने तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

आता आपल्या मनातल्या एका प्रश्नाकडे येते. घर सोडणं, रोग्यापासून दूर राहणं, लस घेणं हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे का? आजही मोहल्ल्यात हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो.

हिजरी १८ च्या सुमारास शाम देशात अमवासचा ताऊन पसरला. हजरत उमर (रजि.) फौजेच्या भेटीला निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी परतायचं ठरवलं. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी हदीस सांगितली. तिचा आशय आपल्याला माहीत आहे. जिथे ताऊन आहे तिथे जाऊ नये आणि आपण आहोत तिथे तो आला तर तिथून पळून जाऊ नये. अबू उबैदा फौजेबरोबर राहिले आणि त्याच साथीत गेले. पुढे हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांत पांगून राहायला लावलं आणि साथ ओसरली. हा प्रसंग वाचला की मला शेताकडेची ती खोपटी आठवतात. मुलुख सोडून पळणं वेगळं आणि आपल्याच शिवेत पांगून राहणं वेगळं.

दुसरं उदाहरण काहिऱ्याच्या इब्न हजर अस्कलानी यांचं. हदीसचा एवढा मोठा आलीम, पण ताऊनमध्ये त्यांच्या तीन मुली गेल्या. त्यांनी ताऊनवर ‘बज्लुल माऊन’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नोंदवून ठेवलं आहे, की हिजरी ८३३ च्या साथीत लोक सामूहिक दुआसाठी शहराबाहेर मैदानात जमले आणि त्यानंतर मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. ज्या बापाने तीन मुली मातीआड केल्या त्याने आपल्याच जमातीची चूक लपवली नाही. दीनदार माणसाने खरं सांगायचं असतं, ते त्याने सांगितलं.

१८९७ साली सरकारने हजच्या प्रवासावरही बंदी घातली. त्याआधीपासून हाजींना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटीनमध्ये थांबावं लागत होतंच. हा शब्द इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’ या आकड्यापासून आला आहे. व्हेनिसच्या बंदरात जहाजांना चाळीस दिवस थांबवत. चाळीस हा आकडा आपल्या घरांना नवा नाही. बाळंतिणीचा चिल्ला चाळीस दिवसांचा आणि मयताचा चाळिसावाही आपण मोजतो. पण बाळंतिणीला चाळीस दिवस वेगळं ठेवतो तेव्हा तिला खाऊ-पिऊ घालतो, मालिश करतो, तिची वाट पाहतो. कामरानच्या आणि छावणीच्या दिवसांत हे नव्हतं. उर्दूत राजिंदर सिंह बेदी यांची ‘क्वारंटीन’ नावाची कथा आहे. प्लेगपेक्षा क्वारंटीनचीच लोकांना जास्त धास्ती होती, हे त्या कथेत आहे, आणि सगळे दूर पळत असताना रोग्यांची सेवा करणारा भागू नावाचा सफाईवालाही आहे.

मग तेव्हा उपयोगी पडलं काय?

जिथे विश्वास बसला तिथे घरं उघडली. मुंबईत पारशी, जैन, खोजा, मेमन अशा जमातींनी आपापली प्लेगची इस्पितळं काढली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटलसाठी पुढाकार घेतला. तिथे घरचं माणूस जवळ बसू शके, आपल्या रीतीचं खाणं मिळे, मेल्यावर आपल्या रीतीने मूठमाती मिळे. डॉक्टर तोच, औषधही तेच, पण माणसं आपल्या पायांनी येऊ लागली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी मुलगा यशवंत याच्यासह रोग्यांसाठी दवाखाना उघडला. एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या दारात रोगी लपवायची कुणाला गरज वाटली नसेल.

लसीचंही तसंच. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे यहुदी शास्त्रज्ञ. त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांत अफवा होत्या, की सुई मारून सरकार माणसं मारतं, सुईने बाईला मूल होत नाही. तेव्हा विशीतले आगाखान तिसरे यांनी चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपली एक वास्तूही दिली. हजारो खोजा माणसांनी लस घेतली. त्या लसीने पूर्ण संरक्षण मिळत नव्हतं, तापही यायचा, पण धोका पुष्कळ कमी होई. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आजही त्या कामाची आठवण देते. एका यहुदी शास्त्रज्ञाची लस, एका मुसलमान तरुणाचा उघडा दंड आणि त्याच्यावर भरवसा ठेवणारी जमात, असं ते काम झालं. तरीही पुढच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. ज्या घरांनी वेळेवर सांगितलं ती थोडीच होती.

दादीचा नियम मी पुन्हा एकदा ऐकला तो १९९४ साली. मी सहा वर्षांची होते. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर पडले, पिसवा फार झाल्या आणि गाठीच्या तापाचे रोगी आढळले. आदल्याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. मग सप्टेंबरमध्ये सुरतेत साथ निघाली आणि लाखो लोक गाड्या भरून पळाले. अब्बा रेडिओ लावून बसले होते. दादीने सगळी बातमी ऐकली आणि एवढंच विचारलं, ‘बीडला उंदीर पडले ते कुणी सांगितलं?’ अब्बा म्हणाले, गावकऱ्यांनी. दादी म्हणाली, ‘मग ती माणसं वाचतील.’ दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडून भाताची कणगी हलवून घेतली, खालची जमीन सारवली आणि दर चार दिवसांनी कणगीमागे डोकावायचं काम माझ्याकडे दिलं. तोवर टेट्रासायक्लिनसारखी औषधं आली होती. लवकर कळलं तर प्लेग बरा होत होता. पण लवकर कळायला कुणीतरी आधी सांगावं लागतं, हे १८९६ मध्ये होतं तसंच राहिलं.

आणि मग २०२०. महाराष्ट्रात १३ मार्चला जो कायदा लागू झाला तो तोच, १८९७ चा. महिन्याअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि रोगाला जणू आमचं नाव मिळालं. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवल्याच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. मुंबईत ३० मार्चला सगळे मृतदेह जाळावेत असा हुकूम निघाला आणि त्याच दिवशी तो बदलावा लागला. मे महिन्यात उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या कोकणी मुस्लिम कब्रस्तानासह तिथल्या कब्रस्तानांत दफनाला परवानगी कायम ठेवली. २१ ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचं म्हटलं. तोवर आमचे चाचा जाऊन महिना होत आला होता.

त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला आता कळतं. त्यांना रोगापेक्षा दारावरच्या त्या तीन अक्षरांची भीती होती. अक्षरं कुणी रंगवली नव्हती, पण चाचांना ती दिसत होती.

पण एवढं सांगून थांबले तर मी निम्मंच खरं सांगितलं असं होईल. त्याच २०२० मध्ये पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीतली जागा विलगीकरणासाठी दिली होती. आमच्या भागातल्या आशाताई रोज उन्हातान्हात दारोदार फिरत होत्या, त्यांनी कुणाचं नाव पाहून दार टाळलं नाही. चाचांनी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ऑक्सिजन मोजला असता. बोंब मारणारे होते, तसे विचारणारेही होते. भीतीच्या काळात बोंब मोठ्याने ऐकू येते आणि विचारपूस हळू आवाजात होते.

म्हणून साथीसाठी घर तयार करायचं म्हणजे काय, याचं उत्तर मी आता दोन भागांत देते. पहिला भाग सामानाचा. थर्मामीटर, ओआरएस, साधं तापाचं औषध, ऑक्सिमीटर, साबण. बीपी-शुगरवाल्यांच्या गोळ्या महिनाभराच्या. खिडकी असलेली एक खोली, ती नसेल तर पडदा लावून खिडकीजवळचा कोपरा. उकळलेलं पाणी झाकणाच्या भांड्यात आणि धान्य झाकणाच्या पिंपात, म्हणजे उंदराला घरात काम उरत नाही. आमच्याकडे उल्हास नदीचं पाणी चढतं. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती उंदराच्या मुतानेच. पुराच्या पाण्यात अनवाणी चालून आलेल्याला ताप आला तर घरी थांबायचं नाही, आणि डॉक्टरला ‘पाण्यातून चाललो होतो’ हे आधी सांगायचं. मुलांची लसीकरणाची कार्डं एका पिशवीत असावीत.

दुसरा भाग बोलण्याचा आहे आणि तो साथ येण्याआधी करावा लागतो. ताप आला तर घरात पहिल्यांदा कुणाला सांगायचं? घरातून बाहेर कोण सांगणार, आरोग्य केंद्रात, जमातीत, शेजारच्या घरात? रोग्याजवळ कोण बसणार आणि लहान मुलं कुठे जाणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सांगणाऱ्याला घरात कुणी रागावणार नाही, हे सगळ्यांदेखत ठरलेलं असावं. शेजाऱ्याच्या घरात ताप निघाला तर आपण काय करणार, हेही ठरवावं. डबा त्याच्या दारात ठेवणार की दार लावून घेणार? त्याने सांगावं असं वाटत असेल तर आपला डबा त्याला आधी दिसला पाहिजे. हे जसं मोहल्ल्याला लागू आहे तसं सरकारलाही लागू आहे.

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की मी सातवीच्या मुलांना दादीचा नियम सांगते आणि एका कागदावर लिहायला लावते – घरात तुम्हांला ताप आला तर आधी कुणाला सांगाल? बहुतेक मुलं ‘अम्मी को’ असं लिहितात. कुणी ‘दादी को’, कुणी ‘टीचर को’. मागे एका मुलाने लिहिलं होतं, ‘किसी को नहीं, अब्बा की मजदूरी जाएगी.’ तो कागद मी फाडला नाही. पुढच्या पालकसभेत नाव न घेता वाचून दाखवला. सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आई म्हणाली, ‘आमच्या घरी सांगा म्हणावं. आम्ही डबा देऊ.’

दादीची खोपटी आता नाहीत. त्या शेतात इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि माळावर जाऊन पांगायला जागा उरलेली नाही. नियम मात्र शिल्लक आहे. तो आपल्या पोरांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेऊ या. आणि त्यांनी येऊन सांगितलं, तर त्या क्षणी आपला चेहरा कसा असेल, त्याचीही तयारी आजच करू या.